माशांच्या टाकीतला निळा दिवा

कर्जतच्या लोकलमध्ये रविवारी संध्याकाळी कधी कधी एखादा मुलगा मांडीवर फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी धरून बसलेला दिसतो. पिशवीत थोडे पाणी, वर भरलेली हवा आणि आत दोन-चार रंगीत मासे. कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जाऊन आणलेले. गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून तो पिशवी छातीशी धरतो आणि डब्यातली सगळी माणसे मासे बघत बसतात. आमच्या घरी मासे आले ते असेच. धाकट्याने रमजान ईदची ईदी जमवली, मामूंनी त्यात भर घातली आणि दहिवलीतल्या आमच्या घरात तीन फुटांची काचेची टाकी आली. नऊ गोल्डफिश. त्याने प्रत्येकाला नाव ठेवले होते. मला ती नावे कधी पाठ झाली नाहीत, पण दादींना झाली.

त्या वर्षी ईद एप्रिलमध्ये होती. मे महिना संपेपर्यंत टाकीतले पाणी हिरवे झाले. पालक उकळल्यावर पातेल्यात जे पाणी उरते ना, तसे. मासे दिसत नव्हते, फक्त काचेजवळ आले की एखादा नारिंगी डाग सरकायचा. आम्ही पाणी बदलले. चार दिवसांत पुन्हा हिरवे. टाकीखालच्या कपाटात कॅनिस्टर फिल्टर होता, तो साफ केला. पुन्हा हिरवे. शेवटी दुकानदाराने सांगितले, “फिल्टरला यूव्ही जोडा. आठवड्यात काच पुसल्यासारखे पाणी होईल.”

दादी म्हणाल्या, “पाण्यात दिवा कशाला लावायचा?”

प्रश्न साधा होता. आम्ही तेव्हा तो हसण्यावारी नेला. नंतर मात्र त्याचे उत्तर नीट समजून घ्यावे लागले, आणि ते समजायला सहा मासे जावे लागले. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. आजकाल आपल्या ओळखीच्या बऱ्याच घरांतून अशा टाक्या दिसतात, मुले हट्ट करतात, आपण आणून देतो, आणि यंत्राच्या खोक्यावर जे छापलेले असते त्यावर भरवसा ठेवतो.

आधी यूव्ही म्हणजे काय ते. यूव्ही म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, अतिनील किरण. आपल्यापैकी अनेकींच्या स्वयंपाकघरात भिंतीवर पाणी शुद्ध करणारे यंत्र असते, त्यात हीच ट्यूब असते. पाऱ्याची वाफ भरलेली बारीक नळी, तिच्यातून वीज गेली की साधारण 254 नॅनोमीटर लांबीच्या लहरी बाहेर पडतात. या लहरी जिवाणूच्या किंवा एकपेशीय शेवाळाच्या पेशीतल्या डीएनएवर पडल्या की त्याच्या साखळीत चुकीच्या गाठी बसतात. पेशी लगेच मरते असे नाही, पण तिला दोनाच्या चार होता येत नाही, आणि ज्याची वाढ थांबली ते काही दिवसांत संपते. पाण्यात औषध पडत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही. नळीतून पुढे गेलेल्या पाण्यात त्या प्रकाशाचे काहीच उरत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सूर्यप्रकाशात जंतू वाढत नाहीत हे डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी 1877 मध्ये प्रयोगाने दाखवले. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार केले आणि 1903 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 1910 च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्से शहरात पिण्याचे पाणी या किरणांनी शुद्ध करून पाहिले गेले. म्हणजे ही काही कालची नवलाई नाही. 2020 च्या कोरोनाच्या दिवसांत मोबाईल आणि नोटा निर्जंतुक करायचे डबे बाजारात आले होते, तेही याच किरणांचे.

मग टाकी उन्हात ठेवली तर? आमच्या धाकट्याने विचारलेच. नाही. उन्हातले ज्या लांबीचे किरण जंतू मारण्यात सर्वांत पटाईत, ते ओझोनच्या थरातच अडतात, जमिनीपर्यंत येत नाहीत. आले असते तरी साध्या काचेने ते अडवले असते. म्हणून तर यूव्हीच्या ट्यूबवर साध्या काचेची नव्हे, क्वार्ट्झची नळी बसवतात. खिडकीतून टाकीवर येते ते फक्त शेवाळाला हवे असलेले ऊन. आमची टाकी पश्चिमेच्या खिडकीसमोर होती आणि पाणी हिरवे होण्याचे अर्धे कारण तेच होते. उरलेले अर्धे म्हणजे नऊ गोल्डफिशची घाण. गोल्डफिश खातो फार आणि टाकतोही फार. त्या घाणीतून शेवाळाला खत मिळत होते आणि खिडकीतून ऊन. एक पडदा लावला असता तरी बरेच काम झाले असते. पण पडदा लावायचा सल्ला दुकानात मिळत नाही.

तर यूव्ही आला. हातभर लांबीचा काळा प्लॅस्टिकचा नळा, आत नऊ वॅटची ट्यूब, दोन्ही टोकांना नळी जोडायची सोय आणि एका बाजूला बारीक पारदर्शक खिडकी, ज्यातून ट्यूब चालू आहे की नाही ते कळावे. आम्ही तो कॅनिस्टरच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर जोडला. पाचव्या दिवशी पाण्याचा रंग फिका झाला, आठव्या दिवशी टाकीच्या मागची भिंत दिसू लागली. मासे असे दिसत होते जणू हवेत तरंगत आहेत. शेजारपाजारची मुले बघायला आली. कपाटाच्या फटीतून तो निळा उजेड रात्री खोलीत पसरायचा आणि आम्हाला वाटायचे, आता आपले मासे सुरक्षित आहेत.

जूनच्या अखेरीस पावसाने जोर धरला. आपल्याकडे पाऊस म्हणजे लाईट जाणार, हे कुणाला सांगायला नको. आमच्या भागाची ही एक गंमतच आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे 1922 मध्ये. घाटावरचे पावसाचे पाणी आमच्या दारात उतरवून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, त्याला शंभर वर्षे उलटली, आणि आम्ही अजून मेणबत्ती कुठल्या खणात ठेवली ते आठवत बसतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांनी दिवसच्या दिवस अंधारात काढले. त्यानंतर आम्ही घरात इन्व्हर्टर घेतला होता.

त्या रात्री लाईट साधारण नऊ वाजता गेली. इन्व्हर्टरवर दोन पंखे, दोन दिवे चालू होते. झोपण्यापूर्वी मी टाकीकडे पाहिले. कपाटाच्या फटीतून निळा उजेड येत होता. म्हटले, ठीक आहे, चालू आहे. पहाटे फजरच्या सुमारास लाईट आली. नमाज आटोपून मी बाहेरच्या खोलीत आले तर मासे सगळे वर, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून उघडझाप करत होते. आणि खोलीत एक वास. सडलेल्या अंड्याचा. फिल्टरच्या नळीतून करडे, गढूळ पाणी टाकीत येत होते. दुपारपर्यंत सहा मासे गेले.

धाकटा शाळेतून आला तेव्हा मी काही बोलू शकले नाही. दादींनी त्याला जवळ घेतले. संध्याकाळी त्या एवढेच म्हणाल्या, “मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. हे मासे पण आपणच कोंडलेत.” मला राग आला होता, कारण आम्ही काही निष्काळजीपणा केला असे मला वाटत नव्हते. पैसे खर्च करून यंत्र आणले होते. ते चालूही होते.

दुसऱ्या दिवशी खोपोलीहून मुलांचे मामू आले. ते कारखान्यात फिटर आहेत. कपाट उघडून त्यांनी पाच मिनिटे काहीच केले नाही, फक्त वायरी कुठे जातात ते पाहिले. मग म्हणाले, “आपा, यूव्हीची पिन कुठे लावली आहे ते पाहिलेत का?”

यूव्हीची पिन भिंतीवरच्या ज्या बोर्डात होती तो इन्व्हर्टरवर होता. फिल्टरची पिन खालच्या बोर्डात. तो नव्हता. आठ तास फिल्टर बंद होता आणि दिवा चालू होता. मी झोपण्यापूर्वी जे पाहून निश्चिंत झाले, ते एका बंद नळीत अडकलेल्या पेलाभर पाण्यावर पडत असलेला उजेड होता. ते पाणी रात्रभर तापलेही असणार, कारण या ट्यूबला वाहत्या पाण्यानेच थंडावा मिळतो.

आता कॅनिस्टर समजून घेऊ, कारण खरा गुन्हा तिथे घडला. कॅनिस्टर म्हणजे झाकण घट्ट बसणारा बंद डबा. टाकीतून एका नळीने पाणी खाली उतरते, आधी जाड स्पंजमधून, मग सिरॅमिकच्या कड्यांमधून, मग पांढऱ्या कापसातून जाते, आणि झाकणातला पंप ते दुसऱ्या नळीने वर ढकलतो. स्पंज आणि कापूस कचरा धरतात, ते दिसते. कड्यांचे काम दिसत नाही. त्यांच्या बारीक छिद्रांत जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या घाणीतून निघणारा अमोनिया विषारी असतो. हे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, जे बरेच कमी घातक आहे. नवीन टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि या जिवाणूंना आपल्यासारखाच प्राणवायू लागतो. तो त्यांना वाहत्या पाण्यातून मिळतो. पंप थांबला की बंद डब्यात जेवढा प्राणवायू आहे तेवढाच. काही तासांत तो संपतो, उपयोगी जिवाणू मरू लागतात, प्राणवायूशिवाय जगणारे दुसरे जिवाणू कचऱ्यावर पोसले जातात, आणि अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. पहाटे लाईट आली, पंप सुरू झाला आणि डब्यातले ते सगळे एकदम माशांच्या तोंडावर गेले. त्यात रात्रभर पाणी हलले नव्हते, वरचा प्राणवायूही कमी झालेला.

यूव्ही हे काहीही थांबवू शकत नव्हता. तो फक्त त्याच्या समोरून जाणाऱ्या पाण्यात तरंगत असलेल्या जिवांवर काम करतो. विषारी वायू, अमोनिया, प्राणवायूची कमतरता, यांच्याशी त्याचा संबंध नाही.

स्वयंपाकघरातले यंत्र आठवा. त्यात पाणी आधी कचरा गाळणाऱ्या कँडलमधून, मग कार्बनमधून आणि सर्वांत शेवटी यूव्हीसमोरून जाते. गढूळ पाण्यात किरण आरपार जाऊ शकत नाहीत; मातीच्या कणाच्या सावलीत जंतू सुखरूप राहतो. म्हणून आधी गाळणे, मग दिवा. टाकीतही हाच क्रम. पण एक मोठा फरक आहे. स्वयंपाकघरातल्या बहुतेक यंत्रांत लाईट गेली की आतली झडप आपोआप बंद होते, दिवा बिघडला की पाणी येत नाही. टाकीच्या स्वस्त यूव्हीत अशी कुठलीच राखण नाही. ती राखण घरच्या माणसाने करायची.

मामूंनी दुपारभर बसून सगळे नव्याने जोडले. त्यांनी काय केले ते सविस्तर सांगते, कारण ज्यांच्या घरी अशी टाकी आहे त्यांना ते उपयोगी पडेल.

पहिले म्हणजे फिल्टर आणि यूव्ही एकाच बोर्डावर घेतले, दोन्हींना एकच बटण, आणि तो बोर्ड इन्व्हर्टरवर. आमचा फिल्टर पंचवीस वॅटचा आहे, ट्यूब नऊची. दोन्ही मिळून एका लहान पंख्याइतकेही नाही. दिवसरात्र चालवून महिन्याला जेमतेम पंचवीस युनिट होतात. आता पंप थांबेल तेव्हा दिवाही विझेल, खोटा दिलासा नाही.

वायरी बोर्डाकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन सोडल्या, म्हणजे नळी गळली तर पाणी वायरीवरून ओघळून बोर्डात न शिरता झोळातून खाली टपकेल. हे इतके साधे आहे की मला आधी कुणी का सांगितले नाही याचे आश्चर्य वाटते. शिवाय त्या बोर्डाला ईएलसीबी आहे ना, तेही पाहिले. मुले टाकीत हात घालतात. हात घालायचा तर आधी बटण बंद, हा आता घरातला नियम आहे.

मग पाण्याचा वेग. हा मुद्दा मला सर्वांत शेवटी कळला. यूव्हीची ताकद फक्त वॅटवर नसते, पाणी दिव्यासमोर किती वेळ थांबते यावरही असते. समजा नळ्यात अर्धा लिटर पाणी मावते. फिल्टर तासाला हजार लिटर फेकत असेल, तर प्रत्येक थेंब दिव्यासमोर दोन सेकंदही थांबत नाही. वेग तीनशे लिटरवर आणला तर सहा सेकंद. हिरव्या पाण्याचे शेवाळ घाईतही बरेचसे मरते, कारण तेच पाणी दिवसातून अनेकदा फिरून दिव्यासमोर येते. पण रोगाच्या परजीवींना मारायला कित्येक पट जास्त मात्रा लागते, तिथे घाई चालत नाही. उलट फिल्टरला मात्र वेग हवा, कारण कड्यांवरच्या जिवाणूंना प्राणवायू हवा. एकाला संथ पाणी पाहिजे, दुसऱ्याला वाहते. मामूंनी बाहेर जाणाऱ्या नळीला टी लावला. पाण्याचा मोठा भाग थेट टाकीत, आणि एक बारीक धार कॉक फिरवून कमी केलेली, ती यूव्हीतून फिरून टाकीत. पाच मिनिटांचे काम. खोक्यावरच्या कागदात याचा उल्लेख नव्हता.

शेवटी त्यांनी कपाटाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला आणि त्यावर ट्यूब बसवल्याची तारीख लिहिली. यूव्हीची ट्यूब साधारण आठ हजार तास नीट काम करते. दिवसरात्र चालली तर अकरा महिने. त्यानंतरही ती निळी दिसतच राहते. डोळ्यांना दिसणारा निळा रंग आणि जंतू मारणारे किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किरण दिसत नाहीत, निळा उजेड दिसतो. किरण ओसरले तरी उजेड तसाच. म्हणजे त्या निळ्या खिडकीने आम्हाला एकदा फसवले ते वायरीमुळे, आणि लक्ष दिले नाही तर वर्षभराने ती पुन्हा फसवणार, अगदी प्रामाणिकपणे चालू राहून. ट्यूबवरच्या क्वार्ट्झच्या नळीवर पांढरा थरही बसतो. बोअरवेलच्या पाण्याने चहाच्या भांड्यात जो बसतो तोच. दोन-तीन महिन्यांनी ती काढून लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने पुसायची, हलक्या हाताने, कारण ती सहज फुटते.

उरलेले तीन मासे वाचले. तीन आठवडे रोज थोडे थोडे पाणी बदलत होतो, कारण कड्यांवरची वस्ती पुन्हा बसायची होती आणि तोवर अमोनिया आपल्यालाच काढायचा होता. खाणे अगदी चिमूटभर. दादी चोरून जास्त घालायच्या, तो वेगळा विषय.

हे सगळे चालू असताना पांढरे ठिपकेही येऊन गेले. अशक्त माशाला हा रोग लवकर धरतो. अंगावर मीठ शिंपडल्यासारखे दाणे दिसतात. दुकानदाराने सांगितले होते की यूव्ही असेल तर हा रोग होतच नाही. ते खरे नाही, निदान पूर्ण खरे नाही. हा परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, तिथे यूव्ही पोहोचत नाही. मग तो गळून तळाला चिकटतो आणि एकाचे शेकडो होतात, तिथेही पोहोचत नाही. ती पिल्ले पाण्यात पोहत नवा मासा शोधतात, तेवढाच एक-दोन दिवसांचा काळ ती यूव्हीच्या तावडीत सापडू शकतात, तेही पाणी संथ असेल तर आणि ती पिल्ले फिल्टरच्या नळीत ओढली गेली तर. त्यामुळे यूव्हीने लागण कमी होऊ शकते, रोग बरा होत नाही. औषध द्यावे लागते. आणि औषध टाकलेले असताना ट्यूब बंद ठेवावी लागते, कारण बऱ्याच औषधांचे हे किरण विघटन करतात. आम्ही तेही केले नसते, मामूंनी फोनवर आठवण केली.

काचेला चिकटलेले शेवाळही यूव्हीने जात नाही. ते ब्रशनेच घासायचे. उलट एक भीती बाळगायचे कारण नाही: यूव्हीमुळे फिल्टरमधले चांगले जिवाणू मरतात असे काही जण सांगतात. ते कड्यांना चिकटून बसलेले असतात, दिव्यासमोरून जात नाहीत.

आपल्या कर्जत-खालापूरच्या पाण्याबद्दल थोडे. उन्हाळ्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी आणि पावसाळ्यात नळाचे पाणी, हे माशांसाठी दोन वेगळे देश आहेत. पहिल्या पावसात नद्या लाल होतात. उल्हास असो, पाताळगंगा असो. पेज नदीला भिवपुरीच्या वीज केंद्रातून सुटणारे पाणी असते म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते, पण पावसात तीही गढूळच. नळयोजनेच्या पाण्यात मग टीसीएल पावडरचे प्रमाण वाढते, बादली भरताना वास येतो. माणसांसाठी ते आवश्यकच आहे. पण तोच क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो आणि कड्यांवरचे जिवाणू मारतो. आपल्या लहान यूव्हीने क्लोरीन जात नाही. पाणी रुंद तोंडाच्या पिंपात एक दिवस उघडे ठेवा किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, मोजून वापरा. गढूळ पाणी एक दिवस निवळू द्या, मग वरचे घ्या. तुरटी फिरवून घेतलेले पाणी टाकीत घालू नका. तुरटीने पाण्याचा आम्लपणा बदलतो. आणि फिल्टरचा स्पंज, कड्या नळाखाली कधीच धुवायच्या नाहीत. टाकीतूनच बादलीभर पाणी काढायचे आणि त्यात हलवून घ्यायच्या. मी सुरुवातीला कॅनिस्टर “साफ केला” असे वर लिहिले आहे ना, तो मी नळाखाली धुतला होता. म्हणजे पहिली चूक यूव्ही येण्यापूर्वीचीच.

लाईट दोन-तीन तासांहून जास्त गेली आणि इन्व्हर्टर नसेल किंवा उतरला असेल, तर काय करायचे? कॅनिस्टरच्या नळ्यांचे कॉक बंद करायचे, झाकण उघडायचे, कड्या टाकीच्या पाण्याने भरलेल्या उघड्या बादलीत काढून ठेवायच्या. सेलवर चालणारा हवेचा पंप मिळतो, तो स्वस्त आहे. त्याची एक नळी टाकीत, एक बादलीत. तोही नसेल तर मगाने टाकीतले पाणी उंचावरून टाकीतच ओतत राहायचे, दर अर्ध्या तासाने. जुना, खेडवळ उपाय आहे, पण त्याने प्राणवायू मिसळतो. लाईट आल्यावर डब्यातले जुने पाणी फेकून देऊनच पंप सुरू करायचा. त्या पहाटे मी एवढे जरी केले असते, तरी कदाचित काही मासे वाचले असते.

ट्यूबपासून सांभाळायचेही आहे. चालू असताना ती नळ्याबाहेर काढून बघायची नाही, क्षणभरही नाही. डोळ्यांची बुबुळे भाजल्यासारखी होतात, आणि ते लगेच कळत नाही, काही तासांनी वाळू गेल्यासारखे टोचू लागते. मुले उत्सुकतेने उघडतात, म्हणून आमच्या कपाटाला कडी आहे. ट्यूब फुटली तर आत पारा असतो. खिडक्या उघडायच्या, हाताने काचा गोळा करायच्या नाहीत, झाडूनेही नाही, जाड कागदाने उचलून डबीत बंद करायच्या आणि घरच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत.

आता एवढे सगळे वाचून कुणी विचारेल, मग यूव्ही घ्यावा की नाही? माझे मत सांगते. बहुतेक घरांना त्याची गरज नाही. टाकीवर ऊन येत नसेल, मासे मोजके असतील, खाणे बेताचे आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलले जात असेल, तर पाणी हिरवे होतच नाही. हिरवे पाणी मारले तरी मेलेले शेवाळ टाकीतच कुजते आणि नव्या शेवाळाला खत देते; पाणी बदलणे काही चुकत नाही. हातात पैसे असतील तर आधी फिल्टरला इन्व्हर्टर आणि सेलचा पंप, मग वाटल्यास यूव्ही. आम्ही उलट केले.

मागच्या हिवाळ्यात आम्ही मुंबईला गेलो होतो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुमा मशिदीत मुलांचे अब्बा आणि धाकटा नमाजला गेले. ही मशीद 1802 मध्ये बांधून पूर्ण झाली, आणि ती एका जुन्या तलावावर उभी आहे. तोच तिचा हौद. खाली पाणी, त्यात मासे आणि कासवे, पायऱ्यांवर बसून लोक वुजू करतात. धाकटा बाहेर आला तो हेच सांगत होता. “अम्मी, तिथे ना फिल्टर आहे ना यूव्ही, आणि मासे एवढाले!”

त्याचे अब्बा म्हणाले, पाणी किती आहे ते बघ, आणि त्या मानाने मासे किती. आमच्या टाकीत एकशे साठ लिटर पाणी आहे. गोल्डफिश हातभर वाढू शकतो हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते, आणि नऊ आणले होते. घरी परतताना क्रॉफर्ड मार्केटमधून तो नवे मासे मागेल असे मला वाटले होते, मी मनाची तयारीही केली होती. त्याने नाही मागितले. त्याने तिथल्या एका दुकानातून नऊ वॅटची नवी ट्यूब घेतली, कारण कपाटातल्या कागदावरची तारीख जवळ आली होती, आणि परतीच्या लोकलमध्ये ती मांडीवर धरून बसला, दोन्ही हातांनी.